रेडिओ घेताना आधी रिसीव्हर बघ

*मी अकरावीत आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून आमचा पहिला लढाऊ रोबो बनवतोय. ४५४ ग्रॅमचा गट, दोन चाकं, पुढे उभी फिरणारी चकती. मामा म्हणतो, "रिमोट मी घेऊन देतो, पण एकदाच. नीट विचार करून सांगा." त्यावरून रोज वाद. एक सीनियर म्हणतो, घ्यायचाच तर सोळा चॅनलचा, रंगीत स्क्रीनचा घ्या. दुसरा म्हणतो, कशाला खर्च, खेळण्यातल्या गाडीचं सर्किट काढून बसवा. भावाला मोबाइलवरून ब्लूटूथने चालवायचाय. तसा एक कच्चा सांगाडा आम्ही करून पाहिला. भिंतीवर आदळल्यावर मोबाइलचा संपर्क तुटला, पण चाकं थांबेनात. शेवटी भावाने उचलून वायर ओढली. आणि चकतीची मोटर सुरू केली की दर वेळी क्षणभर सगळंच बंद पडतं, मग परत चालू होतं. बॅटरी जुन्या ड्रोनची, दोन सेलची आहे. रेंज कमी पडतेय का? कुठला रिमोट घ्यावा आणि बाकीचे भाग कसे निवडावेत? शिवाय सामन्यात रिमोट कोणी धरायचा, यावरूनही भांडण आहे.*
*— दोन चाकं, दोन चालक*

मामाला सांग, सहा चॅनलचा (म्हणजे सहा वेगवेगळ्या आज्ञा पाठवणारा), २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, दोन स्टिकचा साधा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, घेऊन दे. महागड्या ट्रान्समीटरला जे जास्तीचे पैसे पडले असते, त्यात याच्याशी जुळणारे दोन जादा रिसीव्हर, म्हणजे रोबोत बसून रिमोटचं ऐकणारे भाग, घेऊन दे. रिमोटचा वाद एवढ्यात मिटतो. पण पत्रात जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मला रिमोटपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. त्यांतली पहिली तर इतर काहीही करण्याआधी दुरुस्त कर.

भिंतीवर आदळून संपर्क तुटला यात नवल नाही, लढाऊ रोबो आदळायलाच बनवलेला असतो. संपर्क तुटल्यावरही चाकं फिरत राहिली, हे मात्र अजिबात चालायचं नाही. त्या दिवशी नुसती चाकं होती म्हणून भावाला हात घालून वायर ओढता आली. चकती फिरत असती तर हाताचं काय झालं असतं, याचा विचार करा. बहुधा झालंय असं: मोबाइलवरून ‘पुढे’ची आज्ञा आली, बोर्डाने मोटर सुरू केली आणि ‘थांब’ची आज्ञा यायची वाट बघत राहिला. ती आज्ञा आलीच नाही. प्रोग्रामात एक अट घातली की हे सुटतं: अर्ध्या सेकंदात नवी आज्ञा आली नाही, तर सगळे आउटपुट शून्य. सांगाडा ठेवणार असाल तर ही अट आजच घाला. तो मोडून टाकू नका, त्याचा एक चांगला उपयोग पुढे सांगते.

रेडिओच्या भाषेत या अटीला फेलसेफ म्हणतात. संपर्क तुटला किंवा ट्रान्समीटर बंद पडला, की रोबोची सगळी हालचाल थांबली पाहिजे. चाकांचीही आणि वेपनचीही, म्हणजे तुमच्या चकतीचीही. रोबो कॉम्बॅटसाठी वापरल्या जाणाऱ्या स्पार्कच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. स्पर्धेच्या सुरक्षा तपासणीत ते करून दाखवावं लागतं, आणि दाखवता आलं नाही तर रोबो रिंगणात जात नाही.

खेळण्यातलं सर्किट इथेच बाद होतं. जुन्या खेळण्यांचे रिमोट २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झवर चालतात आणि आपला रिमोट कुठला, दुसऱ्याचा कुठला, हे त्या सर्किटला ओळखता येत नाही. शिवाय त्यांत चाक एक तर पूर्ण वेगात फिरतं किंवा थांबतं, मधलं काही नाही. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला तिरकं सरकायचं असेल तेव्हा हे मधलंच लागतं. मोबाइलची अडचण निराळी. काचेवर बोट कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि झुंजीत नजर रोबोवरून क्षणभरही हलवता येत नाही. ब्लूटूथ एकदा तुटलं की पुन्हा जोडायला वेळ लागतो, आणि रोबो हलत नाही म्हटल्यावर पंच आकडे मोजायला लागतात. म्हणून भावाचा हट्ट मोडावा लागेल, पण प्रेमाने मोड. सांगाडा चालवून दाखवणं हे सोपं काम नव्हतं.

आता थोडं मागे जाते, कारण महागडा रेडिओ घ्या म्हणणाऱ्यांच्या सल्ल्यामागे बऱ्याचदा जुन्या काळची भीती असते. मार्क थॉर्प यांनी १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत रोबो वॉर्स सुरू केलं तेव्हा रेडिओ क्रिस्टलवर चालत. एका क्रिस्टलची एकच फ्रीक्वेन्सी. दोघांची सारखी निघाली, तर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याचा रोबो धावू शकत असे. त्यामुळे ट्रान्समीटर जमा करून घ्यायचे आणि फ्रीक्वेन्सीचा बिल्ला ज्याच्याकडे असेल त्यालाच चालू करू द्यायचं, अशी पद्धत होती. तेव्हा चांगला रेडिओ म्हणजे खरोखरच निम्मी लढाई होती. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे डिजिटल संच बाजारात यायला लागले आणि हे चित्र बदललं. आता रिसीव्हर एका ट्रान्समीटरशी ‘बाइंड’ केला, की तो त्याचंच ऐकतो. हे काम साध्यातला साधा आधुनिक संचही चोख करतो. रिंगण काही मीटरांचं. तिथे किलोमीटरभर रेंजचा काहीच उपयोग नाही.

मग निवडायचं कशावरून? रिसीव्हरवरून. ट्रान्समीटर तुझ्या हातात, काचेच्या अलीकडे सुखरूप असतो. मार खातो तो आत बसलेला रिसीव्हर. ट्रान्समीटर दहा वर्षं टिकेल, रिसीव्हर एका सामन्यातही जाऊ शकतो. म्हणून ज्या संचाचे रिसीव्हर लहान, हलके, स्वस्त आणि सहज मिळणारे असतील तो संच घ्यायचा. फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय६ किंवा एफएस-आय६एक्स नवशिक्यांकडे बऱ्याचदा दिसतो तो यामुळेच. त्याच्यासोबत येणारा आयए६बी रिसीव्हर सुमारे १५ ग्रॅमचा आहे. ४५४ ग्रॅमच्या रोबोत १५ ग्रॅम म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त वजन नुसत्या रिसीव्हरवर गेलं. त्याच पद्धतीचे काही ग्रॅमचेच रिसीव्हर मिळतात. जादाचे तसले घ्या.

इथे बरेच जण फसतात, तेव्हा हे नीट वाच. पहिली गोष्ट, एकाच कंपनीचे दोन संच एकमेकांशी बोलतीलच असं नाही. फ्लायस्कायमध्ये एएफएचडीएस २ए ही एक पद्धत आणि एएफएचडीएस ३ ही दुसरी. एका पद्धतीचा रिसीव्हर दुसऱ्या पद्धतीच्या ट्रान्समीटरला चालत नाही. दुकानदाराला कंपनी नव्हे, पद्धत विचार. दुसरी गोष्ट, अगदी इवलेसे रिसीव्हर बऱ्याचदा ड्रोनसाठी बनवलेले असतात. त्यांतून सगळ्या चॅनलचा संदेश एकाच तारेवरून आकड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि तो उलगडायला ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर लागतो. तुमच्या ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, हवा असतो साधा पीडब्ल्यूएम: प्रत्येक चॅनलची वेगळी तार आणि तिच्यावर १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा पल्स, १५०० म्हणजे मध्य. ‘पीडब्ल्यूएम आउटपुट’ आणि किमान चार चॅनल, हे दोन्ही वर्णनात दिसल्याशिवाय रिसीव्हर घेऊ नका.

सीनियरचा सल्ला अगदीच चुकीचा नाही. रेडिओमास्टर कंपनीचे असतात तसे एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारे ट्रान्समीटर फार लवचीक असतात, आणि एक्सप्रेसएलआरएस या पद्धतीचे रिसीव्हर खरोखर नखाएवढे मिळतात. पुढे ड्रोनही उडवायचे असतील तर तोच घ्या, माझी हरकत नाही. मात्र त्यातले बहुतेक नखाएवढे रिसीव्हर वर सांगितलेल्या ड्रोनच्या जातीचे असतात, आणि फेलसेफ रिसीव्हरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये शिरून प्रत्येक आउटपुटला द्यावा लागतो. पहिल्या रोबोला हे सगळं जास्तीचं आहे. तुम्हाला चार चॅनल पुरतात: दोन चाकांचे, एक वेपनचा, एक रोबो उलटला की वापरायच्या स्विचचा.

संच हातात आला की बाइंड करून लगेच फेलसेफ लावा. साध्या ट्रान्समीटरच्या मेनूत तो चॅनलवार लावता येतो: चाकांचे दोन्ही चॅनल मध्यावर, वेपनचा अगदी तळाला. काही रिसीव्हरमध्ये मेनू नसतो. बाइंड करताना स्टिक जिथे असतील तीच जागा तो लक्षात ठेवतो. आणि काही रिसीव्हर संपर्क तुटल्यावर फक्त थ्रॉटलचा (तुमच्याकडे वेपनचा) चॅनल खाली आणतात, बाकीचे चॅनल होते तिथेच धरून ठेवतात. विमानाला ते चालतं. तुमची चाकं मात्र त्या ‘बाकीच्या’ चॅनलवर आहेत, म्हणजे वेपन थांबेल आणि रोबो धावत राहील. कागदावर ‘फेलसेफ आहे’ असं लिहिलेलं पुरत नाही ते याचसाठी.

तपासायचं असं. चकतीचा पट्टा काढा. थेट मोटरवर असेल तर चकतीच काढा. रोबो एखाद्या खोक्यावर असा ठेवा की चाकं अधांतरी राहतील. दोन्ही चाकं अर्ध्या वेगात, वेपनची मोटर हळू, आणि स्टिक तशाच धरून ट्रान्समीटर बंद करा. साधारण सेकंदभरात सगळं थांबलं पाहिजे. मग चाकं पुढे, मागे, वळताना, असं प्रत्येक स्थितीत पुन्हा. त्यानंतर उलट बाजूने: ट्रान्समीटर बंद ठेवून रोबोची बॅटरी जोडा, काहीही हलता कामा नये. प्रत्येक नवीन रिसीव्हरवर ही तपासणी पहिल्यापासून करायची. जुन्यावर लावलेला फेलसेफ नव्यात आपोआप येईल असं गृहीत धरू नका.

आता तुझी दुसरी तक्रार. चकती सुरू झाली की क्षणभर सगळं बंद. रेंजचा याच्याशी संबंध नाही. नवा रिमोट आणलात तरी हे असंच चालू राहील. थांबलेली मोटर फिरवायला सुरुवातीला प्रचंड करंट लागतो. दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची. ती जुनी, वायर बारीक, मध्ये एखादा सैल कनेक्टर, असं सगळं मिळून रोध ०.१५ ओहम धर. मोटरने २० अॅम्पिअर ओढले की २० गुणिले ०.१५, म्हणजे ३ व्होल्ट वाटेतच गेले आणि बाकीच्यांसाठी उरले ४.४. खालच्या मजल्यावर मोठा नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसं. बोर्डाला किंवा रिसीव्हरला लागणारे ५ व्होल्ट त्यातून निघत नाहीत, तो बंद पडतो. तो बंद पडला की मोटर थांबते, मोटर थांबली की व्होल्टेज परत चढतं आणि सगळं पुन्हा सुरू होतं. तुम्हाला दिसतंय ते नेमकं हेच.

खात्री करायची असेल तर खोलीत थोडा अंधार करून दिव्यांकडे बघ. वेपन सुरू करताना रिसीव्हरचा दिवा विझला किंवा लुकलुकला, तर रिसीव्हरला वीज कमी पडतेय. त्याचा दिवा स्थिर राहिला पण ईएससीने सुरुवातीची सुरावट पुन्हा वाजवली, तर ईएससी रीसेट होतोय. दोन्ही ठीक आणि फक्त वेपन थांबतंय, तर बहुधा ईएससीतली कमी व्होल्टेजला मोटर तोडायची सोय मध्ये येतेय. ती सेटिंगमधून बंद करता येते किंवा खाली आणता येते. ‘रेडिओ गेला’ म्हणून ज्या रोबोंचे रिसीव्हर बदलले जातात, त्यांतले बरेच खरं तर विजेअभावी बंद पडलेले असतात. म्हणूनच मामाचे पैसे रिमोटच्या रंगीत स्क्रीनवर घालवू नका असं मी म्हणते. ते बॅटरी, वायर आणि ईएससीवर खर्च होऊ देत.

बॅटरी नवीन, तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) घ्या, आणि चाकांच्या मोटरी १२ व्होल्टच्या असतील याची खात्री करा. क्षमतेचा हिशोब अवघड नाही. सामना तीन मिनिटांचा, सरासरी करंट ५ अॅम्पिअर धरला तर २५० एमएएच (मिलिअॅम्पिअर-तास) लागतात. बॅटरी पूर्ण निचरायची नसते, ८० टक्के वापरून थांबायचं, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. ४५० एमएएच घेतली की चिंता नाही. सीचा आकडा म्हणजे एका वेळी किती करंट देऊ शकेल ते: ४५० एमएएच आणि ७५ सी म्हणजे कागदावर सुमारे ३४ अॅम्पिअर. हे आकडे फुगवलेले असतात. निम्मेच खरे धरून चाला. चार्जिंग नेहमी बॅलन्स चार्जरवर, १ सीने, म्हणजे या बॅटरीला ०.४५ अॅम्पिअरने, आणि समोर बसून. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायचा तर ३.८ च्या आसपास, आणि ३.३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. फुगलेली किंवा खोक पडलेली बॅटरी पुन्हा रोबोत घालायची नाही, मग पुढच्या फेरीला कितीही उशीर होत असो. ती ड्रोनची जुनी बॅटरी फुगलेली आहे का, ते आज बघ.

कनेक्टर एक्सटी-३० जातीचा घ्या. खेळण्यांतला लाल जेएसटी तुमच्या वेपनच्या करंटपुढे टिकणार नाही. तो गरम होतो आणि तिथेच व्होल्ट गळतात.

ईएससी दोन प्रकारचे लागतील. चाकांना दोन्ही दिशांनी फिरवणारे, वेपनला एकाच दिशेने फिरवणारा चालतो. चाकांच्या मोटरी साध्या ब्रशवाल्या, गिअरच्या एन-२० किंवा १६ मिलिमीटरच्या असतील तर दोन मोटरींचा मिळून एकच छोटा ईएससी मिळतो, तो बरा. त्याची क्षमता मोटर जाम झाल्यावरच्या करंटपेक्षा जास्त हवी, कारण धक्काबुक्कीत मोटर जाम होतेच. तो करंट माहिती-पत्रकात नसेल तर मल्टीमीटरने मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोज, चाक किंचित हलवून दोन-तीनदा, आणि सगळ्यात कमी आकडा घे. ८ ओहम आले आणि भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची, तर १.६ अॅम्पिअरच्या आसपास. आरसी गाडीचा ईएससी चाकांना लावू नका. त्यात मागे जायचं तर आधी ब्रेक लागतो आणि मग दुसऱ्यांदा स्टिक ओढावी लागते. ही सोय बंद करता येत असेल तरच तो कामाचा. ड्रोनचे ब्रशलेस ईएससी हलके आणि छान असतात, पण मुळात एका दिशेचे. दोन्ही दिशांना फिरवायला त्यांची सेटिंग बदलावी लागते.

ईएससी घेताना त्यात बीईसी आहे का ते बघ. बॅटरीच्या व्होल्टेजमधून रिसीव्हरसाठी ५ व्होल्ट काढून देतो तो बीईसी. ड्रोनच्या ईएससीत बऱ्याचदा तो नसतो. तुमच्याकडे चाकांचा एक आणि वेपनचा एक, असे दोन ईएससी असतील आणि दोन्हींत बीईसी असेल, तर दोघांनी एकाच वेळी रिसीव्हरला वीज पुरवू नये. वेपनच्या ईएससीच्या तीन तारांपैकी मधल्या लाल तारेची पिन प्लगमधून हलकेच उचकटून बाहेर काढा आणि तिच्यावर टेप गुंडाळा. चाकांच्या बीईसीवर रिसीव्हर चालू द्या. वेपनच्या धक्क्यापासून रिसीव्हर थोडा दूर राहील, तेवढंच बरं.

वेपनच्या मोटरीबद्दल इतकंच: केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो आकडा) जितका कमी तितका सुरुवातीचा झटका सोसायला सोपा, आणि ट्रान्समीटरवर वेपनची स्टिक एकदम वर न ढकलता दोन सेकंदांत चढवायची सवय लावून घ्या.

रिसीव्हरच्या अँटेनाकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून त्यावर थांबते. त्या बारीक तारेच्या टोकाशी वरचं आवरण सोललेला सुमारे ३१ मिलिमीटरचा तुकडा दिसेल. खरी अँटेना तेवढीच, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा हा चौथा हिस्सा. बाकीची तार म्हणजे तिथवर पोचायचा रस्ता. हा तुकडा कापायचा नाही, गुंडाळायचा नाही, आणि धातूच्या किंवा कार्बन फायबरच्या आड ठेवायचा नाही. कार्बन फायबर दिसायला प्लास्टिकसारखं, पण विजेचं वाहक आहे. त्याच्या बंद पेटीत रिसीव्हर ठेवला तर संदेश पोचणं कठीण. टोक टीपीयू, पॉलीकार्बोनेट किंवा यूएचएमडब्ल्यू अशा प्लास्टिकच्या झाकणाखाली सरळ चिकटवा, मोटर आणि जाड वायरींपासून शक्य तितकं लांब. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात, म्हणजे रोबो कसाही पडला तरी एक तरी नीट ऐकेल.

मार लागल्यावर सगळ्यात आधी निसटतात ते रिसीव्हरमधले प्लग. ते बसवून झाले की बाजूने गरम गोंदाचा एक थेंब टाका, नंतर काढताही येतो. रिसीव्हर फोममध्ये गुंडाळा, पण झिप टायने आवळू नका. तिची धार धक्क्याधक्क्याला वायर कापत जाते. ब्रशच्या मोटरींवर ठिणग्या उडतात. त्यांची खरखर कमी करायला दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. काही मोटरींवर तो आधीच असतो. नसेल तर पाच मिनिटांचं काम.

आता स्टिक. ज्या ट्रान्समीटरमध्ये उजवी स्टिक स्प्रिंगने दोन्ही दिशांनी मध्यावर येते आणि डावी वर-खाली जिथे सोडाल तिथे राहते, तो घ्या. त्याला मोड २ म्हणतात. उजवीवर गाडी, डावीवर वेपन. दोन्ही चाकं एका स्टिकवर आणायला एलेव्हॉन मिक्स चालू करावा लागतो. ईएससीत आधीच मिक्स असेल तर ट्रान्समीटरमधला बंद ठेवा. दोन्हीकडे चालू राहिला तर स्टिक एका दिशेला ढकलली की दोन्ही चाकं हलण्याऐवजी एकच हलतं आणि माणूस तासभर वायरी बघत बसतो. मिक्स लावल्यावर स्टिक पुढे ढकलली आणि रोबो जागच्या जागी गरगरला, तर एका मोटरीच्या दोन वायरी उलट करा. पुढे ढकलल्यावर मागे गेला तर दोन्ही मोटरींच्या. पुढे-मागे बरोबर पण डावं-उजवं उलटं असेल, तर रिसीव्हरमधले चाकांचे दोन प्लग एकमेकांच्या जागी लावा. रोबो फारच मंद वाटला तर मिक्सची टक्केवारी बघ, काही ट्रान्समीटरमध्ये ती मुळात ५० असते. स्टिक सोडल्यावरही रोबो रांगत असेल तर बाहेरच्या ट्रिमच्या बटणाने नाही, मेनूतल्या सबट्रिमने मध्य साधा. बाहेरचं बटण गडबडीत बोटाने सरकतं.

तुमचा रोबो उलटा पडूनही चालणार असेल तर एक गंमत हातात घेऊन बघ. रोबो आडवा लोळवून उलटा कर, नाक पुढेच राहू दे, आणि स्टिक पुढे ढकल. तो मागे जाईल. उजवीकडे वळव. तो उजवीकडेच वळेल. डावं चाक उजवीकडे गेलं आणि फिरण्याची दिशाही उलटली, त्यामुळे वळणं जशीच्या तशी राहतात; बदलतं ते फक्त पुढे-मागे. म्हणजे उलटं झाल्यावर दाबायच्या स्विचने फक्त पुढे-मागेचा चॅनल फिरवायचा, वळणाचा नाही. एजटीएक्सवर हे चुटकीसरशी होतं. साध्या ट्रान्समीटरवर जमलं नाही तर अडून बसू नका, स्विचशिवाय उलटं चालवायची सवय करा.

एक अट माझी. चकती लावून मोटर फिरवायची तर फक्त जाड पॉलीकार्बोनेटच्या बंद पेटीत, चष्मा लावून, घरातलं मोठं माणूस शेजारी असताना. टेबलावर नाही, अंगणात नाही, ‘एकदाच बघूया’ म्हणूनही नाही.

राहिलं भांडण. सामन्यात ट्रान्समीटर एकाच्याच हाती असावा, आणि तो कोणाच्या हे सरावावर ठरवा. चकती काढून तिच्या वजनाचा तुकडा जागी बसवा. भावाचा ब्लूटूथचा सांगाडा, त्या अर्ध्या सेकंदाच्या अटीसकट, पळायला सोडा आणि दुसऱ्याने रोबोने त्याच्या बाजूला धडक मारायची. मग अदलाबदल. अर्धा वेळ रोबो उलटा ठेवून. दोन-तीन आठवड्यांत कोणाचा हात जास्त बसलाय ते तुम्हालाच कळेल. दुसऱ्याचं काम कमी मोलाचं नाही: वेपनचं कुलूप (चकती फिरू न देणारी अडकवण) आणि बॅटरी त्याच्या ताब्यात. चालवणाऱ्याने आधी ट्रान्समीटर चालू करायचा, पडद्यावर आपल्याच रोबोचं नाव आहे ना ते मोठ्याने वाचायचं, मग दुसऱ्याने रोबो चालू करून सगळ्यात शेवटी कुलूप काढायचं. सामना संपला की चकती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी बघून कुलूप घालायचं, बॅटरी तोडायची, आणि ‘तोडली’ असं त्याने म्हटल्यावरच चालवणाऱ्याने ट्रान्समीटर बंद करायचा.